टांकसाळ दोनशे दहा पावलांवर

आमच्या ह्यांचं पाऊल अडीच फुटांचं. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. पहिल्या भेटीत माणसं हवापाण्याचं बोलतात, चहात साखर किती ते विचारतात. ह्यांनी मला स्वतःच्या पावलाची लांबी सांगितली होती. घरी येऊन मी आईला म्हटलं, "माणूस सरळ आहे, पण जरा चक्रम वाटतो." आई म्हणाली, "सरळ आहे ना? मग चक्रमपणाचं बघून घेशील तू." ते मी अजून बघतेच आहे.

तेहतीस वर्षं ते मोजणी खात्यात होते. रस्ते, नाले, पडीक जागा, भांडणातली कुंपणं, सगळं मोजायचं. फीत होती, साखळी होती, तीन पायांवरची दुर्बीण होती, पण घाईच्या वेळी साहेब म्हणायचे, "फूटपट्टीला चालू द्या." मग हे नाकासमोर चालत सुटायचे, पलीकडे पोचून आकडा ओरडायचे, आणि मागाहून फीत लावली की तोच आकडा निघायचा. खात्यात त्यांना फूटपट्टी हे नाव पडलं ते असं. उंचीही नावाला शोभेल अशीच. आमच्या न्हाणीघराच्या दारात मान वाकवावी लागते, आणि घाईत असले की ते वाकवायची विसरतात.

नोकरीच्या सुरुवातीला ह्यांना जुन्या शहराची मोजणी करायला धाडलं होतं. तटाच्या आतलं ते शहर म्हणजे बावीस बोळ, सगळे जुळ्या भावांसारखे, आणि मधोमध एक घंटाघर. अडीच महिन्यांचं काम ह्यांनी दहा महिने पुरवलं. कुठली भिंत कधीची, कुठल्या उंबऱ्यावर चाकांच्या खुणा आहेत, कुठलं दार बुजवलंय आणि का, हे लिहून लिहून वह्या भरल्या. मग दर रविवारी सकाळी सातला ते घंटाघराच्या जिन्यापाशी उभे राहायला लागले आणि येईल त्याला शहर दाखवायला लागले. फुकट. कधी पाच माणसं, कधी चाळीस. बाहेरगावचे पाहुणे, नवी जोडपी, शाळेतल्या बाई, आणि एक दातांचे डॉक्टर, जे दर रविवारी यायचे आणि दर रविवारी तोच प्रश्न नव्याने विचारायचे. त्यांनाही हे तेवढ्याच उत्साहाने उत्तर द्यायचे. घरी मी एकच गोष्ट दोनदा विचारली की कपाळाला आठ्या पडतात, तो भाग वेगळा.

या फेरीतला ह्यांचा लाडका थांबा म्हणजे जुनी टांकसाळ. तिथे आता पाटी नाही, काही नाही. बोळातलं एक जाड दार आणि त्याच्या शेजारी छातीच्या उंचीवर एक छोटी खिडकी. नाणी पाडणारे कामगार संध्याकाळी घरी जायला निघाले की या खिडकीसमोर उभे राहायचे आणि आ वासायचे. तोंडात नाणं लपवलेलं नाही हे आतला शिपाई बघायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, सगळे हसताहेत. म्हणून तिचं नाव हसरी खिडकी. हे प्रत्येकाला तिथे उभं करून आ करायला लावायचे, आणि चाळीस माणसं एकेक करून हसत सुटायची.

हे सगळं मला पाठ होतं, पण घरबसल्या. शनिवारी संध्याकाळी आरशासमोर तालीम चालायची ना. फेरीला मात्र मी एकदाही गेले नव्हते. एकोणतीस वर्षं मी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर काढली. सहा दिवस डॉक्टरांची अक्षरं लावून लावून डोळे शिणायचे; रविवारी मला उशी प्यारी. आणि खरं सांगायचं तर माझा त्या शहरावर रागच होता. स्वयंपाकघरातला नळ तीन आठवडे गळतोय आणि ह्यांना चिंता कसली, तर दोनशे वर्षांपूर्वी बुजलेल्या विहिरीत पाणी कुठून यायचं याची! मी त्या शहराला सवत म्हणायचे. हे ऐकून हसायचे आणि बूट घालायचे.

गेल्या वर्षी गुडघ्याने दगा दिला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात चाला, भरपूर चाला. पण दगडी पायऱ्या आणि ते खडबडीत बोळ विसरा. सहा महिन्यांनी बघू." ह्यांच्या कानात 'विसरा' एवढंच शिरलं, 'बघू' बाहेर राहिलं.

मला वाटलं होतं, सवतीच्या तावडीतून सुटले की नवरा घरात येईल. आला. रविवारी सकाळी सातला इस्त्रीचा सदरा घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा आणि रस्त्याकडे बघायचा. नळ दुरुस्त करून झाला, कपाटाची बिजागरी करून झाली, तीही काही न बोलता. माझ्या घरात इतकी शांतता मला कधी लाभली नव्हती आणि मला ती एक दिवसही सोसली नाही.

तोडगा काढला लेकीने. ती तटाच्या दरवाजाजवळच्या वाचनालयात काम करते. म्हणाली, "बाबा, तुम्ही लिहून द्या. एका कागदावर सगळी फेरी. मी टेबलावर गठ्ठा ठेवते. लोक घेतील आणि आपापले फिरतील."

ह्यांच्या अंगात जीव आला. तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर आम्हाला जेवायला जागा नव्हती. कागदाच्या एका बाजूला नकाशा, दुसऱ्या बाजूला चौदा थांबे. बोळ सगळे सारखे आणि पाट्यांचा पत्ता नाही, म्हणून प्रत्येक थांब्याचं अंतर दिलं होतं. घंटाघराच्या शेवटच्या पायरीपासून सरळ दोनशे दहा पावलं, मग डावीकडच्या बोळात पंचेचाळीस पावलं, उजव्या हाताला टांकसाळ. खिडकीसमोर उभे राहा आणि आ करा.

"मीटर कशाला लिहायचे?" हे म्हणाले. "फीत घेऊन कोण फिरतंय? पावलं मात्र प्रत्येकाकडे असतात."

मी मान डोलावली. लेकीनेही डोलावली. दोन शहाण्या बायका, आणि एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. ह्यांचं तर काय, किलो म्हणजे किलो तसं पाऊल म्हणजे पाऊल, या हिशेबावर माणसाने तेहतीस वर्षं पगार घेतलेला.

पहिले पंधरा दिवस कागद भराभर संपले. हे रोज संध्याकाळी लेकीला विचारायचे, "आज किती?" आणि आकडा ऐकून खुर्चीत ताठ बसायचे. मग एक दिवस लेक आली ती पर्स खाली न ठेवताच बोलायला लागली.

"बाबा, एक इस्त्रीवाली आली होती वाचनालयात. खूप चिडलेली. म्हणते, रोज एक-दोन माणसं माझ्या दुकानाच्या खिडकीसमोर येऊन उभी राहतात आणि तोंडं उघडतात."

मी फसकन हसले. हसायला नको होतं.

"म्हणजे?" हे म्हणाले.

"म्हणजे टांकसाळ कुणालाच सापडत नाहीये. सगळे तिच्या दुकानाशी पोचतात. एक म्हातारे गृहस्थ तर विहिरीऐवजी कुणाच्या तरी मोरीत गेले."

ह्यांनी कागद काढून नकाशावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "लोकांना चालता येत नाही." आणि थोड्या वेळाने, "नाहीतर मलाच आता काही आठवत नाही." हे दुसरं वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मला त्याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला उरलेले कागद उचलायला सांगितले. मग कपाटातल्या वह्या काढल्या, सगळ्या एकतीस, सुतळीने बांधल्या आणि दाराशी ठेवल्या. "शनिवारी रद्दीवाला येईल, त्याला देऊन टाक. कपाट मोकळं होईल."

वर्षानुवर्षं मी त्या वह्यांना अडगळ म्हणत आले. रद्दीत घाला, रद्दीत घाला म्हणून जीभ झिजवली. आता त्या दाराशी बांधून पडलेल्या बघितल्या. त्या वह्या गेल्या की खुर्चीतला माणूसही हळूहळू जाणार, हे मला लख्ख दिसलं. तो बुधवार होता.

गुरुवारी सकाळी मी खोटं बोलले. "चष्म्याची काच सैल झालीय, दाखवून येते." पर्समध्ये ह्यांचा कागद घातला आणि जन्मात पहिल्यांदा घंटाघराच्या जिन्यापाशी जाऊन उभी राहिले.

इतकी वर्षं याच शहरात राहून ते घंटाघर मी बसच्या खिडकीतूनच बघितलेलं. कागदात लिहिलं होतं, 'तिसऱ्या पायरीवर डावीकडे बोटांएवढा खड्डा आहे. शंभर वर्षं पहारेकरी भाल्याचं टोक तिथेच टेकवायचा.' मी बोट घातलं. बसलं बरोबर. आजूबाजूला कुणी बघत नाही ना, हे पाहून दुसऱ्यांदा घातलं. नवऱ्याचा आवाज कानात ऐकू येत होता, आणि घरात येतो तसा नाही. चांगला खुशीतला, समोरच्याला धरून ठेवणारा. रविवारी सकाळी परक्या माणसांना मिळायचा तो आवाज हा. मला त्या दातांच्या डॉक्टरांचा एकदम हेवा वाटला.

मग मोजत निघाले. औषधाच्या गोळ्या मोजण्यात आयुष्य गेलंय, माझी मोजणी चुकत नाही. दोनशे दहा झाले तिथे डावीकडे एक बोळ होताच. आत पंचेचाळीस. उजव्या हाताला दार, दाराशेजारी खिडकी. छान! लोकांना काय धाड भरली होती न सापडायला? मी खिडकीसमोर उभी राहिले आणि लिहिल्याप्रमाणे आ केला.

आतून वाफेचा लोट आला आणि मागून एक बाई. हातात इस्त्री.

"या," ती म्हणाली. "तुम्ही एकोणिसाव्या."

मी तोंड मिटलं. सरळ खरं तेच सांगितलं, की हा कागद माझ्या नवऱ्याने लिहिलाय. ती मला झोडपणार अशी तयारी ठेवली होती, पण तिने इस्त्री बाजूला ठेवून स्टूल पुढे सरकवलं.

"बसा बाई. चिडले होते हो मी आधी. एक जण अचानक आ करून उभा राहिला तेव्हा माझ्या हातून सदरा करपला गिऱ्हाइकाचा. पण आता राग गेला. कालचे तर हसून हसून बेजार झाले आणि जाताना दोन चादरी इस्त्रीला देऊन गेले. टांकसाळ पुढे आहे. अजून दोन बोळ सोडून."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुमचे मिस्टर उंच आहेत ना? ढांगा टाकत जातात? दर रविवारी दारावरून जायचे माणसांची रांग घेऊन. पुढे हे, आणि मागे सगळे धावत." ती हसली. "एवढ्या ढांगांनी मोजल्यावर दुसरं काय होणार?"

मी स्टुलावरून उठलेच. तिथून खऱ्या टांकसाळीपर्यंत गेले, आणि तिथून उलटी घंटाघरापर्यंत मोजत आले. दोनशे दहा कुठले? बोळाच्या तोंडापासून घंटाघरापर्यंतच माझी दोनशे शहाऐंशी भरली. कपाळावर हात मारून घ्यावा की नवऱ्याला मिठी मारावी, कळेना. डोकं शाबूत होतं ह्यांचं! आठवण शाबूत होती! चुकली होती ती फक्त ढांग.

घरी आले ती पायातले बूट न काढताच म्हटलं, "मी तुमची फेरी करून आले."

"चष्मा?"

"चष्मा धडधाकट आहे. तुमची पावलं चुकलीत."

"माझी पावलं?" हे खुर्चीत ताठ झाले. कित्येक आठवड्यांनी आवाज चढला. "पाऊल अडीच फुटांचं. खात्याने मान्य केलंय. तूच मोजायला चुकली असशील."

"मी चुकते? महिन्याला दहा हजार गोळ्या मोजल्या आहेत मी, एक इकडची तिकडे नाही झाली."

"मग दाखव सिद्ध करून."

मोजणी खात्यातल्या माणसाशी वाद घातला की तो फीत मागतो. मी न्हाणीघरात जाऊन पाय ओले केले आणि व्हरांड्यातल्या कोरड्या फरशीवरून चालत गेले. फरशीवर ओले ठसे उमटले. ह्यांनी दारात खुर्ची घेतली आणि बसूनच काठीने फितीचं टोक ठशावर दाबलं, मी दुसरं टोक धरलं. बावीस इंच.

"आखूड टाकतेस," हे म्हणाले.

"मी टाकते तेवढंच टाकते. आता तुम्ही."

ते उठले. काठी भिंतीला टेकवली. मी पाय ओले करून दिले आणि ते भिंतीला हात लावत लावत चालले, एक, दोन, तीन, चार. त्यांना वाकता येत नाही, म्हणून ठशापासून ठशापर्यंत फीत मीच लावली. फीत हातात आणि आकडा डोळ्यांसमोर. माझ्या मनात आलं, पंचवीस सांगून टाकावं. कुणाचं काय बिघडणार होतं? पण या माणसाशी मी पुष्कळ गोष्टींत खोटं बोलले असेन. मापात कधी नाही.

"अठरा," मी म्हटलं.

"पुन्हा मोज."

पुन्हा मोजलं. "अठरा."

ते फरशीकडे बघत उभे राहिले. ठसे कडेने वाळायला लागले होते. मला वाटलं, झालं, संपलं सगळं, का तोंड उघडलं मी.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "आज मी माझाच कागद घेऊन निघालो तर इस्त्रीवालीपर्यंतसुद्धा पोचायचो नाही."

"नाही."

"तिच्या अलीकडे काय आहे गं?"

मी आठवून बघितलं. "न्हाव्याचं दुकान."

"चला, निदान दाढी होईल."

आणि ते हसायला लागले. भिंतीला पाठ टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसत होते आणि रडतही होते, आणि कुठलं कशासाठी ते मला सांगता येणार नाही. हसणं आवरल्यावर ते म्हणाले, "ती सुतळी सोड. चार नंबरची वही दे. विहिरीचं अंतरही बघायला हवं."

नवा कागद करायचा तर नव्याने मोजायला हवं. तोवर डॉक्टरीणबाईंनी सपाट रस्त्यावर थोडं चालायची मुभा दिली होती. "तुझ्या पावलांनी मोजू," हे म्हणाले.

"आणि माझी का म्हणून?"

"तुझ्यासारखी बहुतेकांची असतात. माझ्यासारखी कुणाचीच नव्हती. आता तर माझीही नाहीत."

एका रविवारी दोन थांबे, असे आम्ही सात रविवार गेलो. मी पुढे मोजत, हे काठी टेकत मागे, खिशात वही. मोजताना बोलायचं नाही, असा नियम मी घातला होता, आणि तो पाळताना ह्यांचा जीव कासावीस व्हायचा. एखादी भिंत आली की मागून नुसते उसासे ऐकू यायचे. एकदा राहवलं नाही आणि म्हणाले, "ती कमान बघितलीस का?" माझा आकडा एकसष्टवरून कुठल्या कुठे गेला. मी मागे वळून असं बघितलं की रस्त्यातला एक अनोळखी माणूससुद्धा बाजूला झाला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. थांब्याशी पोचलो की मात्र त्यांना मोकळीक. मग ते बोलायचे आणि मी ऐकायची, तिथल्याच एखाद्या दगडावर बसून. वरचे थांबे मी एकटी चढायची आणि वरून ओरडून सांगायची काय दिसतंय ते. "तिथे नसणारच!" हे खालून ओरडायचे. "आहे!" मी वरून. दातांचे डॉक्टर तिसऱ्या रविवारी आम्हाला सामील झाले आणि त्यांनी आपला प्रश्न विचारला. उत्तर मीच दिलं. बरोबर होतं म्हणे.

इस्त्रीवाली आम्हाला बघितलं की स्टूल बाहेर काढते. तिची फक्त एक अट होती, की नव्या कागदात तिच्या दुकानावर माणसं पाठवणं अगदीच बंद करू नका. ह्यांनी तिला एक थांबा दिला. 'येथे बसा आणि श्वास घ्या,' एवढंच लिहिलं आहे.

परवा लेकीने छापायच्या आधीचा कागद आणला. ह्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. "तू एकदा तपासून दे. आकडे तुझे आहेत." मी चष्मा लावून स्वयंपाकघरातल्या उजेडात बसले आणि एकेक ओळ बोटाने वाचत गेले. दोनशे शहाऐंशी बरोबर. बोळातली एकसष्ट बरोबर. विहीर बरोबर. अगदी तळाशी, नकाशाच्याही खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. ती मी मोजली नव्हती आणि मला कुणी दाखवलीही नव्हती.

'यातली सर्व पावलं माझ्या पत्नीची आहेत. ज्याचं पाऊल याहून मोठं असेल, त्याने ते आवरून चालावं.'

मला अक्षरं दिसेनाशी झाली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, तरी तेच. त्यांनी मला काय काय दिलं आणि काय काय दिलं नाही याचे हिशेब मी मनात पुष्कळ मांडले होते, भांडताना तोंडावरही फेकले होते. असं काही मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"झालं का वाचून?" बाहेरून हे ओरडले. "चूक सापडली का कुठे?"

"नाही," मी म्हटलं. "छापू दे."